मनाच्या श्लोकांत रामदास मनाला ‘सज्जना’ का म्हणतात? मन तर चंचल असतं ना?
कारण मन चंचल असलं तरी ते रामदासांना शत्रू वाटत नाही. समजावलं तर वळेल, असा त्यांचा भरवसा आहे. लहान मुलाला ‘शहाणं बाळ ना तू’ म्हणत चुचकारतात, तशीच ही हाक. इकडे साताऱ्यात, सज्जनगडाच्या पंचक्रोशीत, दिवेलागणीला हे श्लोक म्हणायची रीत घरोघरी दिसते, आणि खरं सांगतो, ही विनवणी मोठ्यानं म्हटल्यावरच पोचते. भुजंगप्रयात वृत्ताच्या 12 अक्षरी ओळींत ‘मना’ पुन्हापुन्हा येतं, समोर बसवून बोलावं तसं. मात्र 205 श्लोकांत सगळीकडे गोंजारणं नाही. सहावा श्लोक बघा: ‘नको रे मना’ म्हणत क्रोध, काम, मत्सर, दंभ यांवर सरळ दटावणी आहे.