दुकानात जायच्या आधी टेप काढा

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी मुलगी साडेतेरा वर्षांची आहे, आठवीत. दिवाळी आणि पाठोपाठ भाचीचं लग्न, म्हणून दोन्हींची खरेदी एकदमच करायला आम्ही सांगलीहून पुण्याला बहिणीकडे गेलो. रविवारी दुपारी लक्ष्मी रोडवर. मला तिच्यासाठी लग्नात घालायला अनारकली हवा होता, तिला काळा ढगळा टी-शर्ट आणि कार्गो पँट. 13-14 वर्षांच्या मापाचा ड्रेस छातीत बसेना. विक्रेती म्हणाली, "हिला मोठ्या बायकांच्या विभागात घेऊन जा." माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणून सांगते, जरा कमी खा." ती ट्रायल रूममधून अर्ध्या तासाने बाहेर आली, डोळे लाल. काहीच न घेता आम्ही परत आलो. आता ती माझ्याबरोबर खरेदीला यायला तयार नाही. सासूबाई म्हणतात, सणाला काळं घ्यायचंच नाही. लग्न तीन आठवड्यांवर आलंय. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर: तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते विक्रेतीसमोर निघालेलं ते वाक्य. त्यावर आधी बोलते, कपड्यांचं नंतर.

शिवणाच्या दुकानात माझं सगळं आयुष्य गेलं. या वयाच्या मुली मापं द्यायला येतात तेव्हा खांदे पुढे काढून, पोटाशी हात धरून उभ्या राहतात. टेप छातीपाशी गेला की श्वास रोखतात. अशा वेळी मी आकडा मोठ्याने उच्चारत नाही, कागदावर लिहून ठेवते. आईने शेजारून "बाई गं, छत्तीस?" असं म्हटलं तर ती मुलगी पुढच्या वेळी येत नाही. म्हणून आज-उद्यात, दोघीच असताना, तिला सरळ सांगा की दुकानात मी जे बोलले ते बोलायला नको होतं, आणि तुझ्या अंगाबद्दल परक्या माणसासमोर मी पुन्हा कधी बोलणार नाही. इतकंच सांगा. त्याला "पण तूही" असं शेपूट जोडू नका.

आता तो ड्रेस. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सगळ्यात झपाट्याने वाढते, वर्षाला सात-आठ सेंटीमीटरसुद्धा. आधी पावलं वाढतात, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. त्याच काळात छाती भरते, सीट, म्हणजे कंबरेखालचा भाग, रुंदावते, मांड्या भरतात. हे व्हायलाच हवं, त्याचा जास्त खाण्याशी संबंध लावू नका. लेबलवरचं "13-14 वर्षे" हे एका सरासरी मुलीसाठी लिहिलेलं असतं, आणि तेरा वर्षांच्या दोन मुली शेजारी उभ्या केल्या तर एक अजून लहान दिसते, दुसरी कॉलेजात शोभेल अशी. दोघीही ठीक असतात. शिवाय मुलांच्या विभागातले कपडे बहुतेक सरळसोट बेतलेले असतात, छातीला आणि सीटला त्यात जागाच सोडलेली नसते. ड्रेस बसला नाही तो कापण्याच्या पद्धतीमुळे.

मोठ्यांच्या विभागात तरी कुठे एक माप आहे? एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा असतो. 28 लिहिलेल्या जीन्सची कंबर टेप लावून बघा, 29 किंवा 30 इंचसुद्धा भरेल. भारतीय अंगाची स्वतःची मापं हवीत म्हणून तर निफ्ट या फॅशनच्या सरकारी शिक्षणसंस्थेने 'इंडियासाइज' नावाने हजारो लोकांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं, आणि तेही 15 ते 65 वयाच्या लोकांसाठी. तुमच्या लेकीचं वय त्यातही येत नाही. तेव्हा लेबलवर एक्सएल असो की आणखी काही, त्याने तिचं काहीच ठरत नाही. हे तिला समजावून सांगा, आणि पटलं नाही तर घरी आल्यावर ते लेबल कात्रीने काढून टाका.

मी करायला सांगते ते असं. घरी, दार लावून, तिलाच टेप द्या. छाती सगळ्यात भरलेल्या जागी, कंबर, सीट, खांदा, खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. टेप आवळायचा नाही, खाली एक बोट सरकलं पाहिजे. आकडे तिने तिच्या फोनमध्ये लिहून ठेवायचे, तुम्हाला दाखवायचे की नाही हे तिने ठरवायचं. मग तिला नीट बसणारा एखादा कुर्ता पलंगावर सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, त्याची दुप्पट करा. दुकानात हँगरवरच्या कपड्याला हेच माप लावलं की दहातले सात कपडे ट्रायल रूममध्ये न नेताच बाद होतात. तुळशीबागेत किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या फुटपाथवर, जिथे घालून बघायची सोयच नसते, तिथे तर याला पर्याय नाही.

दोन मापांमध्ये अडलात तर मोठं घ्या. तयार कपड्याच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, जेमतेम सेंटीमीटरभर असते आणि तीही इंटरलॉक केलेली, त्यामुळे उसवून सैल करायला काही हातात लागत नाही. मोठा कपडा मात्र काखेपासून खालपर्यंत दोन टिपा मारल्या की बसतो. आपल्या आज्या परकराला खाली चांगली रुंद दुमड घालायच्या आणि पोरगी वाढली की सोडायच्या, ती रीत अजूनही चांगली आहे. अनारकली मी तर शिवूनच घ्या म्हणेन. सांगलीतच तुमच्या ओळखीच्या बाईंकडे जा, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवायला सांगा, पुढच्या दिवाळीलाही चालेल. दिवाळीआधी शिंपी हातघाईवर आलेले असतात, म्हणून कापड या आठवड्यातच टाका. कापड आणि रंग तिला निवडू द्या, गळा आणि बाही दोघींनी मिळून ठरवा.

काळा टी-शर्ट घेऊन द्या. या वयात पुष्कळ मुली ढगळं घालतात कारण बदलत्या अंगाकडे कोणी बघू नये असं त्यांना वाटतं, त्यात त्यांना मोकळं वाटतं. तो आसरा काढून घेऊ नका. सासूबाईंचा मान लक्ष्मीपूजनाला ठेवा. त्या संध्याकाळी दुसरा रंग, हे लेकीला आधी सांगितलं तर ती ऐकेल. भाऊबीजेला काळा घातला म्हणून काही बिघडत नाही, आणि हे सासूबाईंना तुम्हीच सांगा, तिला मध्ये घालू नका.

पैशाचा आकडाही घरीच सांगून टाका. चार हजार असतील तर चार हजार, त्यातले अनारकलीचे कापड-शिलाईसकट बाजूला काढा, उरलेले तिचे. दुकानात उभं राहून "हे महाग आहे" म्हटलं की तिला ते "तू त्या लायकीची नाहीस" असं ऐकू येतं. तुमची एखादी अट असेल, गळ्याची म्हणा, उंचीची म्हणा, तर तीही निघण्याआधी कारणासकट सांगा. काउंटरपाशी नवी अट काढायची नाही.

जाताना रविवारची दुपार टाळा, सकाळी दुकानं उघडताना जा, दोघींनी पोटभर खाऊन. ट्रायल रूमच्या बाहेर थांबा. ती दाखवायला बाहेर आली तर विचारा, "हात वर करून बघितलास? मांडी घालून बसता येतं?" कशी दिसतेस ते तिने विचारल्यावरच सांगा. आतल्या कपड्यांचीही वेळ आली असेल. ती खरेदी वेगळ्या दिवशी, शांत दुकानात, दोघींनीच करा. बरोबर मावशी नको, धाकटा भाऊ तर नकोच.

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा. साडेतीन हजारांची बॅगी जीन्स मागतोय, सहा महिन्यांत आखूड होणार हे दिसतंय. घ्यावी का?
— एक वडील, नाशिक

उत्तर: त्या किमतीला एकच घेणार असाल तर घ्या, पण दोनदा धुतल्यानंतरच उंची बसवायला टेलरकडे न्या, कारण सुती डेनिम धुतल्यावर आटतं. मुलांची वाढ मुलींपेक्षा दोनेक वर्षं उशिरा जोर धरते, त्याचे पाय अजून लांबतील. म्हणून जास्तीचं कापड कापायचं नाही, दोन इंच आत दुमडून हातशिलाई घालून घ्यायची. सोडल्यावर दुमडीची फिकट रेघ दिसेल, ते त्याला आधीच सांगून ठेवा. कंबर मात्र आजच नीट बसली पाहिजे, कारण कंबर वाढवायला जीन्समध्ये कापड नसतं.