नदी दुथडी, वीज मात्र कमी

प्रश्न : आमच्या नगरपालिकेच्या छोट्या जलविद्युत केंद्रात ऐन पुरात वीजनिर्मिती घटते. पाणी भरपूर असताना असं का?

उत्तर : वीज नुसत्या पाण्यावर नाही, ते किती उंचीवरून येतं त्यावरही ठरते. सूत्र असं : ९.८१ × प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) × उंची (वरच्या आणि खालच्या पाणीपातळीतला फरक, मीटर) × कार्यक्षमता = किलोवॅट. प्रवाह ४, उंची १२ मीटर, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सुमारे ३७७ किलोवॅट. पुरात बंधाऱ्यावरून पाणी सांडून जातं, त्यामुळे वरची पातळी फारशी चढत नाही. टर्बाइनखालची मात्र भराभर चढते. ती ३ मीटरने चढली की उंची उरते ९, आणि वीज २८३ किलोवॅट. प्रत्यक्षात त्याहूनही कमीच, कारण कमी उंचीवर टर्बाइनमधून पाणीही कमी जातं.

दुसरी शंका टर्बाइनकडे पाणी जातं त्या तोंडाशी असलेल्या जाळीवर घ्या. पालापाचोळा, प्लास्टिक अडकलं की आत कमी पाणी पोचतं. जाळीच्या दोन्ही बाजूंची पातळी पट्टीवर वाचा. फरक नेहमीपेक्षा वाढला असेल तर आधी संचावरचा (टर्बाइन आणि जनित्र) भार उतरवा, मग दाताळ्याने खालून वर कचरा ओढा. संच चालू असताना जाळीजवळ पाण्यात कुणीही उतरू नये. गाळ फार असेल तर संच सरळ बंद ठेवलेला बरा. वाळूने रनरची, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाची, पाती झिजतात आणि तो खर्च चार दिवसांच्या विजेपेक्षा जड पडतो.