पहिल्या पोस्टिंगला निघालेल्या मुलीला

मिरज

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

सोमवारपासून तुझं नर्सिंगचं पहिलं पोस्टिंग, मेडिसिन वॉर्डात. "माझ्या हातून काही झालं तर?" असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत आटोपण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तुझ्या जिवाचं. शिकाऊ मुलींना सुई टोचते ती बरेचदा इंजेक्शन देऊन झाल्यावर, झाकण परत बसवताना. झाकण बसवूच नकोस. वापरलेली सुई तिथल्या तिथे नीडल कटरमध्ये किंवा पांढऱ्या जाड डब्यात गेली पाहिजे. तरीही टोचलीच, तर बोट पिळू नकोस, तोंडात घालू नकोस, स्पिरिट लावू नकोस. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धू आणि तशीच इन्चार्ज सिस्टरांकडे जा. एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, फार तर ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस घ्यायच्या. ड्यूटी संपवून, हॉस्टेलवर जाऊन, मैत्रिणीला विचारून मग सांगू म्हटलंस तर हे तास हातचे जातात.

मुली घाबरतात एचआयव्हीला. बाधित रुग्णाची सुई टोचली तरी त्याची लागण हजारात साधारण तिघांना होते. लस न घेतलेल्यांत हिपॅटायटिस बीचं प्रमाण मात्र शंभरात ३० पर्यंत जाऊ शकतं, आणि त्याच्याच लसीचा तिसरा डोस मुली विसरतात!

आता रुग्णाचं. आपल्या सांगली जिल्ह्यात एका वॉर्डात तीन पाटील असणं काही नवल नाही. "तुम्ही पाटील ना?" म्हटलंस की तिघंही हो म्हणणार. जतकडचे, विजापूर-बेळगावकडचे कन्नड बोलणारे आजी-आजोबा तर प्रश्न कळला नाही तरी मान हलवतात. म्हणून "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचार आणि केसपेपरवरच्या नंबराशी ताडून बघ. भाषेची अडचण असेल तर नातेवाइकाला बोलाव. रांगेत बाकीचे खोळंबले तरी चालतील.

इन्सुलिनचं नीट लक्षात ठेव. आपल्याकडे त्याची वायल, म्हणजे बाटली, एका मिलीलीटरला ४० युनिटचीही मिळते आणि १०० चीही. ४० ची सिरिंज लाल झाकणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीच पट होतो. लगेच सांगितलंस तर शुगर तपासून, ग्लुकोज देऊन माणूस सावरता येतो. गप्प राहिलीस आणि रात्री झोपेत शुगर उतरली, तर पेशंट गाढ झोपलाय असंच सगळ्यांना वाटत राहील. ओरडा बसेल या भीतीने गप्प बसलेल्या मुलीचा मला राग येत नाही, पण त्या पेशंटची काळजी वाटते. ओरडा बसेलही. बसू दे. त्या वेळी माझं नाव सांग, मी तुझ्या बाजूला उभी राहीन.

पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल (काचेची छोटी कुपी) कुणीही, कितीही घाईत हातात दिलं तरी थेट शिरेतून सोडायचं नाही, हृदय बंद पडतं. ते पातळ करून, सावकाश, स्टाफ सिस्टरांच्या देखरेखीखालीच जातं. जे शिकवलेलं नाही ते "मला अजून येत नाही, दाखवा" म्हणून सरळ सांग.

काही घडलंच तर नोंद त्याच पाळीत कर. किती वाजता, काय दिलं, पेशंट कसा दिसला, कुणाला कळवलं, त्यांनी काय केलं, एवढंच. कुणाची चूक हे तू ठरवायचं नाहीस. चुकीचं लिहिलं गेलं तर व्हाइटनर लावू नकोस, खाडाखोड नको. एक रेघ ओढ, सही आणि वेळ टाक, खाली बरोबर लिही.

आणि रविवारी घरून येताना लसीकरणाचं कार्ड आण. तिसरा डोस झालेला असेल तर महिना-दोन महिन्यांनी, लस लागू पडली का हे कळायला, अँटीबॉडीची तपासणी करून घ्यायची असते, ती झाली का ते बघते. राहिला असेल तर पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी आपण दोघी जाऊन घेऊ.

तुझी,
मॅडम