मेस कमिटीची पहिली मीटिंग घेण्याआधी

प्रिय बाळ,

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, अध्यक्ष झाले खरी, पण बुधवारच्या मीटिंगचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो." फोनवर अर्धंमुर्धंच बोलणं झालं, म्हणून आज निवांत लिहायला बसले. होस्टेलच्या मेसची मीटिंग ही लहानसहान गोष्ट नाही. इतक्या मुली दिवसातून दोनदा काय जेवणार आणि त्यासाठी घरून किती पैसे मागवणार, हे तिथे ठरतं. घरी पैसे मागायला जिची जीभ रेटत नाही, अशी एक तरी मुलगी त्या खोलीत बसलेली असते. तिच्यासाठी हे पत्र आहे असं समज.

आधी माझी चूक सांगते. इतकी वर्षं झाली, अजून सलते.

मी दुसऱ्या वर्षाला होते, तुझ्यासारखीच नवी अध्यक्ष. रात्री साडेनऊला, जेवणं आटोपल्यावर, मेसमध्येच मीटिंग बोलावली. टेबलं नुकतीच पुसलेली, ओलीच होती. आत मावशी पातेली घासत होत्या. महिन्यातून एकदा असणारी फीस्ट दोनदा करायची का, हा विषय. मला ती हवी होती आणि मी सुरुवातीलाच म्हणून टाकलं, "मला वाटतं, करायला काय हरकत आहे?" शेवटच्या वर्षाच्या दोघीतिघींनी लगेच उचलून धरलं. पुढचा पाऊण तास पनीर की बासुंदी यातच गेला. मग मी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर. दारापाशी पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती, तिचाही हात वर होता, पण कोपर टेबलावरून उचललेलं नव्हतं. मला ते दिसलं होतं. तरी मी तो हात मोजला.

पुढच्या महिन्याचं बिल बोर्डावर लागलं आणि ती मुलगी रात्रीच्या जेवणाला दिसेनाशी झाली. कटच्या वहीत, म्हणजे जेवण न घेणाऱ्यांच्या नोंदवहीत, रोज संध्याकाळी तिचं नाव. खोलीत चुरमुरे खाऊन झोपत होती. जिन्यात गाठून मी विचारलं, "तेव्हाच का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तुम्हीच आधी सांगितलंत ना, हवंय म्हणून."

तेव्हापासून मी एक नियम पाळत आले आहे, तूही पाळ. अध्यक्षाने स्वतःचं मत सगळ्यांच्या शेवटी सांगायचं, आणि गरज नसेल तर सांगायचंच नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. राज्यघटनेचं कलम १०० काढून बघ. लोकसभेचे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तरच देतात. १९५२ साली त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले ते आपले दादासाहेब मावळणकर. त्याआधी मुंबई प्रांताच्या विधानसभेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं होतं. देशाच्या सभागृहात जो संयम लागतो, तोच पंधराजणींच्या मेस कमिटीच्या टेबलाशी लागतो. उलट इथे जास्तच लागतो, कारण इथे सगळ्यांना एकाच मजल्यावर राहायचं असतं.

बोलण्याची सुरुवात पहिल्या वर्षापासून कर. शेवटच्या वर्षाची मुलगी एकदा बोलली की धाकट्या "तेच म्हणायचंय" म्हणून मोकळ्या होतात. पण गप्प बसणाऱ्या मुलीकडे अचानक बोट दाखवून "तू बोल गं" असं म्हणू नकोस, ती आणखी आक्रसते. आदल्या दिवशी तिच्या खोलीवर जा, "उद्या बिलाचा विषय आहे, तुला काय वाटतं ते मी विचारणार आहे" एवढंच सांगून ये. आणि पैशाचा प्रश्न असेल तेव्हा हात वर करायला लावूच नकोस. चिठ्ठ्या घे. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

विषयपत्रिका दोन दिवस आधी बोर्डावर आणि ग्रुपवर टाक. चारपेक्षा जास्त विषय घेऊ नकोस आणि प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात लिही. नुसतं "नाश्ता" लिहिलंस तर उपम्यापासून गॅसपर्यंत सगळं निघेल. "परीक्षेच्या काळात नाश्ता साताऐवजी साडेसहाला सुरू करायचा का?" असं लिहिलंस तर मुली उत्तर घेऊनच येतील. अवघड विषय शेवटी ढकलू नकोस, तोवर निम्म्या जणी जांभया देत असतात. तो मागचं इतिवृत्त वाचून झाल्या झाल्या घे. आयत्या वेळच्या विषयात पैशाचा निर्णय कधीही होऊ द्यायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणि बिलाच्या विषयाला मागच्या तीन महिन्यांचे आकडे हातात ठेव: एकूण खर्च, जेवणाऱ्यांची संख्या, कट किती. आकडे समोर असले की "मेसवाले लुटतात" हे वाक्य आपोआप मागे पडतं.

गणपूर्तीचंही, म्हणजे मीटिंगला किमान किती जणी हजर हव्यात तेही, ठरवून टाक. संसदेत एक दशांश सदस्य असले तरी कामकाज चालतं, पण ते प्रमाण तुला उपयोगाचं नाही, पंधरांचा एक दशांश म्हणजे दोघीजणी! निम्म्याहून जास्त, म्हणजे आठजणी, असं ठेव. आठजणी आल्या की ठरल्या वेळी सुरू कर. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलीस तर वेळेवर आलेल्यांनाच शिक्षा होते.

आता भांडणाचं. ते होईल, घाबरू नकोस. विधानसभेत आमदार एकमेकांना उद्देशून बोलत नाहीत, "अध्यक्ष महोदय" म्हणून बोलतात, ते उगाच नाही. राग तिसऱ्या माणसाकडून वळून गेला की त्याची धार बोथट होते. तूही शांतपणे सांग, "माझ्याकडे बघून बोल." मी हे कितीदा करून पाहिलंय. आवाज लगेच खाली येतो.

तोच मुद्दा चारदा मांडणारी एक मुलगी प्रत्येक कमिटीत असते. तिला गप्प करू नकोस. सेक्रेटरीला सांग, "हिचा मुद्दा लिहिला आहेस तो वाच." आपलं म्हणणं आपल्याच शब्दांत वहीत उतरलंय हे ऐकलं की माणूस निवतो. बहुतेक वेळा ती परत बोलत नसते, कुणी ऐकलं की नाही याची खात्री करून घेत असते.

मीटिंग संपवताना उठायच्या आधी ठरलेलं सगळं मोठ्याने वाचून घे. प्रत्येक ठरावापुढे एक नाव आणि एक तारीख हवी. "भाजीच्या दरांची चौकशी करू" यातल्या "करू"मध्ये कुणीच नसतं. कोण जाणार, मार्केट यार्डात की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे, कोणत्या वारी, हे त्याच बैठकीत लिहिलं गेलं पाहिजे. पुढची मीटिंग त्याच ओळी वाचून सुरू कर.

आणखी एक. जो माणूस समोर नाही त्याच्यावर निवाडा करायचा नाही. तू पाठवलेल्या यादीत तिसरा विषय आहे "पोळ्यांबद्दल तक्रारी". पोळ्या कच्च्या राहतात, गार मिळतात, हे खरं असेलही. पण बुधवारच्या आत एकदा पहाटे उठून स्वयंपाकघरात जा आणि मावशींच्या शेजारी तासभर बस. लाटायला किती जणी आहेत, तवे किती, कणीक किती वाजता मळतात, ते बघ. तो विषय अगदी सुरुवातीला घे आणि त्या वेळेपुरतं मावशींनाही बोलाव, खुर्ची देऊन बसव, आणि पहिलं बोलणं त्यांचं होऊ दे.

त्या काय म्हणाल्या ते मला रात्री कळव. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागी आहे.

तुझी,
ताई