पाटीवरची देवनागरी

प्रश्न : इंदूरच्या सिटी बसवर मार्ग सांगणाऱ्या पाट्या आणि रेल्वे स्थानकावरचे पिवळे फलक पाहून मी एक देवनागरी फाँट तयार करत आहे. पडद्यावर मोठी करून पाहिली की अक्षरे सुबक दिसतात. लांबून मात्र ती एकमेकांत मिसळतात. काय बदलावे? – एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : आपली अडचण बहुधा अक्षरांच्या वळणात नसून जागेच्या वाटणीत आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराच्या खाली उकार यांची सोय करावी लागते. पाटीची उंची मात्र ठरलेली असते, त्यामुळे या खुणाच आवळल्या जातात आणि लांबून प्रथम त्याच नाहीशा होतात. म्हणून ‘राजवाडा’ हा शब्द लिहून फाँट तपासू नये. ‘भँवरकुआँ’ हे इंदूरमधल्याच एका भागाचे नाव लिहून तपासावा. त्यात दोन चंद्रबिंदू आहेत, उकार आहे आणि ‘भ’ही आहे.

‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांना वेगळे ओळखण्यात शिरोरेषेतील तुटीचा वाटा मोठा असतो. रेघ जाड केली की ती तूट बुजते, आणि गडद पाटीवर आतून उजळलेल्या अक्षरांचा प्रकाश पसरल्याने ती आणखीच अरुंद भासते. कागदावर थोडी जास्त वाटेल इतकी ती मोकळी ठेवावी आणि उजळणाऱ्या पाट्यांसाठी किंचित बारीक रेघेचे वजन (म्हणजे जाडीचा वेगळा प्रकार) स्वतंत्रपणे काढावे. छापलेला नमुना भिंतीवर लावून, उलट्या प्रकाशात, चालता चालता वाचून पाहणे हीच खरी कसोटी होय.

रंगाऱ्याच्या कुंचल्याचा फटकारा आपल्याला मोह घालत असेल, तर तो सर्व अक्षरांत आणू नये. एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेला अक्षरसंच १९१६ मध्ये वापरात आला. त्यात ‘आय’वरचे टिंब कोपऱ्यावर उभ्या चौकोनाचे आहे, तर बहुतेक अक्षरे अत्यंत साधी आहेत. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. आपणही फटकारा केवळ वेलांटीच्या टोकाशी ठेवून पाहावा.

इंदूरच्या फलकांवर ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे दिसतात. मराठी वाचकाची सवय वेगळी आहे. दोन्ही रूपे काढून, मराठी भाषा निवडताच आपले वळण येईल अशी ओपनटाइप या फाँट-फाइलच्या प्रकारातील सोय वापरावी, आणि ‘ळ’ व ‘ऱ्य’ यांची रेखाटनेही त्याच वेळी पूर्ण करावीत.