कर्करोगाची 'समीक्षा' करणारे संपादक

प्रश्न असा आला आहे. पुण्यातल्या एका संस्थेतर्फे ज्येष्ठ कॅन्सरतज्ज्ञांचा सत्कार व्हायचा आहे. इंग्रजी परिचयावरून मानपत्राच्या मसुद्यात वाक्य उतरले ते असे: 'डॉक्टरसाहेब एका आंतरराष्ट्रीय कर्करोग समीक्षा मासिकाचे संपादक असून अन्य तीन मासिकांचे समीक्षक आहेत.' मूळ मजकुरात पहिल्या जागी 'रिव्ह्यू जर्नल' आहे, दुसऱ्या जागी 'रिव्ह्यूअर'. समितीतल्या एकांना 'समीक्षा' खटकते, दुसऱ्यांना सगळीकडे 'परीक्षण' हवे आहे. बरोबर काय?

'समीक्षा' दोन्ही जागी चुकते. 'परीक्षण' एका जागी बसते, दुसऱ्या जागी बसत नाही. गोंधळाचे मूळ इतकेच की इंग्रजीने 'रिव्ह्यू' या एका शब्दावर चार-पाच कामे टाकली आहेत आणि मराठीत त्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलेला आहे. पुस्तकाचे किंवा नाटकाचे होते ते परीक्षण. साहित्यकृतीची होते ती समीक्षा. कलेक्टर कचेरीत होते ती आढावा बैठक. हॉटेलाला लोक देतात तो अभिप्राय. आणि डॉक्टर 'पंधरा दिवसांनी रिव्ह्यूला या' म्हणतात तेव्हा ती असते फेरतपासणी, किंवा साध्या बोलीत 'पुन्हा दाखवायला या'.

दुसरी जागा सोपी आहे, ती आधी उरकू. संशोधकाने लेख पाठवला की संपादक तो त्याच विषयातल्या, बहुधा दोन ते तीन, जाणकारांकडे धाडतात. पद्धत बरोबर आहे का, आकडे जुळतात का, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावला आहे का, हे ते तपासतात आणि शिफारस करतात: स्वीकारा, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नकार. शेवटच्या शिफारशीला मराठी संपादकांनी 'साभार परत' हा फार सुसंस्कृत शब्द कधीच देऊन ठेवला आहे. हे काम परीक्षणाचे आणि ते करणारा परीक्षक. 'पीअर रिव्ह्यू'साठी 'समकक्ष परीक्षण' चालेल. मला 'तज्ज्ञ-परीक्षण' बरे वाटते, कारण 'समकक्ष' म्हटले की वाचक पदव्यांच्या समकक्षतेकडे जातो.

आता 'रिव्ह्यू जर्नल'. यात छापला जाणारा लेख कुणा एकाच्या कामावर बोट ठेवत नाही. एखाद्या प्रश्नावर आतापर्यंत जे प्रयोग आणि चाचण्या झाल्या, त्या एकत्र मांडून काय ठरले, काय अधांतरी आहे, हे तो सांगतो. याला मराठीत आढावा म्हणतात. शब्द जमाखर्चाच्या मुलखातला आहे, म्हणूनच इथे नेमका बसतो.

पुणेकराला हे खडकवासला धरणसाखळीवरून चटकन कळेल. पावसाळ्यात रोज पाणीसाठ्याचा आढावा येतो. तो घेणारा धरणात एक तांब्याही ओतत नाही. जे साठले आहे त्याची बेरीज करतो. पण बेरीज कशी करायची यात खरी गोम आहे. क्षमता अशा: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, खडकवासला १.९७, एकूण २९.१५. समजा खडकवासला काठोकाठ भरले आणि उरलेली तीन ४० टक्क्यांवर आहेत. चार टक्केवाऱ्यांची साधी सरासरी काढली तर ५५ येते. प्रत्यक्ष पाणी मोजले तर १२.८४ टीएमसी, म्हणजे ४४ टक्के. छोटे धरण भरले म्हणून शहराची चिंता मिटत नाही. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करताना हाच हिशेब लागतो: मोठ्या, काटेकोर चाचणीला वजन जास्त, चाळीस रुग्णांच्या चाचणीला कमी. या आकडेमोडीला 'मेटा-अ‍ॅनॅलिसिस' हे नाव १९७६ साली जीन ग्लास या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने दिले. मराठीत 'महाविश्लेषण' असे भव्य रूप दिसते, पण त्यातला 'महा' विश्लेषण मोठे आहे असे सुचवतो. मुद्दा आकाराचा नाही, विश्लेषणांच्या विश्लेषणाचा आहे. 'एकत्रित विश्लेषण' म्हणावे.

आणखी एक फसगत याच उदाहरणातून दिसते. पानशेतमधून सोडलेले पाणी खाली खडकवासल्यात येते. पानशेतचा आकडा सकाळचा आणि खडकवासल्याचा संध्याकाळचा घेतला, तर तेच पाणी दोनदा मोजले जाते. कर्करोगाच्या आढाव्यात हे वरचेवर होते: एकाच चाचणीचे रुग्ण आधी दोन वर्षांच्या निकालात छापले जातात, पुढे पाच वर्षांच्या निकालात पुन्हा येतात, आणि बेसावध लेखक त्यांना दोन चाचण्या समजतो. म्हणून पद्धतशीर आढाव्यात कुठल्या विदासाठ्यात (डेटाबेसमध्ये), कोणत्या तारखेपर्यंत शोध घेतला, किती निबंध सापडले, किती कोणत्या कारणाने गाळले, हे लिहावे लागते. त्यासाठी 'प्रिझ्मा' नावाची २७ कलमी यादी २००९ पासून वापरात आहे. २०२० साली ती सुधारली गेली. तारीख न लिहिलेला आढावा या विषयात फारसा उपयोगाचा नाही, कारण लेख परीक्षकाच्या टेबलावर पडून असतानाच नवे औषध मंजूर झालेले असते.

इथवर आल्यावर 'संपादक' या शब्दाची गंमत पाहा. आपल्याला संपादक म्हटला की लाल पेन आठवते. पण 'संपादन करणे' याचा जुना अर्थ मिळवणे, साध्य करणे. यश संपादन करतात, विश्वास संपादन करतात आणि सरकार भूसंपादन करते, तेव्हा ते जमिनीचे शुद्धलेखन तपासत नाही. मूळ संशोधन छापणाऱ्या पत्रिकेत लेख आपोआप येऊन पडतात, संपादकाने निवडायचे. आढाव्याच्या पत्रिकेत मात्र बरेच लेख मागवून घेतलेले असतात. विषय हेरायचा, त्यावर अधिकाराने लिहील असा माणूस शोधायचा, त्याला गळ घालायची, आराखडा मागवायचा, शब्दमर्यादा आणि मुदत ठरवायची, मुदत टळली की पुन्हा पुन्हा आठवण करायची. सगळे भूसंपादनाच्या चालीने. त्यामुळे या पदाला 'संपादक' हा शब्द वर्तमानपत्रापेक्षाही जास्त शोभतो.

हे काम कोण करते? दोन जाती आहेत. 'नेचर रिव्ह्यूज कॅन्सर' (२००१ पासून) यासारख्या पत्रिकांत पूर्णवेळ, पगारी संपादक असतात. ते संशोधनातून आलेले असतात, रुग्ण तपासत नाहीत. दुसरीकडे अनेक पत्रिकांचे संपादक ओपीडी आणि वॉर्ड सांभाळून रात्री लेख वाचणारे डॉक्टर असतात. आपल्याकडे एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, एमडीची तीन, मेडिकल ऑन्कॉलॉजीत, म्हणजे औषधांनी कर्करोग हाताळण्याच्या शाखेत, डीएम या पदवीची आणखी तीन, म्हणजे साडेअकरा वर्षे शिकण्यातच जातात. मग परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागतात, वेळेत आणि नेटकी परीक्षणे दिली तर संपादक मंडळात नाव लागते, पुढे विभाग संपादक, सहयोगी संपादक आणि क्वचित प्रमुख संपादक. मानपत्रात ही पायरी चुकवू नका. 'संपादक मंडळाचे सदस्य' आणि 'प्रमुख संपादक' यांत शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्याहून जास्त अंतर आहे. शिवाय पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट पत्रिका 'आमच्या संपादक मंडळात या' अशा ईमेल सरसकट पाठवत असतात. पत्रिकेचे नाव तपासल्याशिवाय 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण लावू नये.

एक संज्ञा अजून: 'हितसंबंध'. औषध कंपनीकडून मानधन घेणाऱ्या संपादकाने ते जाहीर करायचे आणि त्या औषधाच्या लेखावर निर्णय घ्यायला दुसऱ्याला बसवायचे, अशी रीत आहे. स्तनाच्या कर्करोगातले नावाजलेले संशोधक होसे बासेल्गा यांनी कंपन्यांकडून मिळालेल्या रकमा अनेक निबंधांत जाहीर केल्या नव्हत्या, हे २०१८ साली उघड झाले. त्यांना न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयाचे पद सोडावे लागले आणि त्याच वर्षी 'कॅन्सर डिस्कव्हरी'चे संपादकपदही गेले. अशा वेळच्या 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'चे 'हितसंबंधांचा संघर्ष' हे भाषांतर ऐकायला महाभारतासारखे वाटते. 'हितसंबंधांची बाधा' म्हणा, अर्थ पोचतो.

'कर्करोग' की 'अर्बुद'? कर्करोग हा 'कॅन्सर'चाच अनुवाद. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत तिन्हीकडे खेकडाच आहे. सुश्रुताने गाठीला अर्बुद म्हटले, आणि 'ऑन्कॉलॉजी'तला ग्रीक 'ऑन्कॉस'ही गोळाच, म्हणून 'अर्बुदशास्त्र' शब्दशः चोख आहे. व्यवहारात मात्र दोन अडचणी येतात. अर्बुद साधेही असते, मारकही. आणि ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कर्करोगात गाठच नसते, तरी रुग्ण याच डॉक्टरांकडे जातो. मानपत्रात 'कर्करोगतज्ज्ञ' लिहा, जोडून आणि दोन 'ज' ठेवून: तद् अधिक ज्ञ, म्हणून तज्ज्ञ. शक्य असेल तर औषधोपचार, शस्त्रक्रिया की किरणोपचार, हेही सांगा.

राहिले 'मासिक'. अंक किती दिवसांनी निघतो ते पाहा. अमेरिकन कॅन्सर सोसायटीची 'सीए' ही पत्रिका द्वैमासिक आहे, १९६३ पासून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर' त्रैमासिक. माहिती नसेल तर 'नियतकालिक' सुरक्षित. 'शोधपत्रिका' इथे नको, कारण मूळ शोध त्यात छापलाच जात नाही. नुसते 'कर्करोग पत्रिका' तर मुळीच नको. मानपत्र ऐकणारे अर्धे लोक कर्क राशीची कुंडली समजतील.

तेव्हा पद आणि पत्रिका तपासून खरी ठरली, तर वाक्य असे करा: 'कर्करोगावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचे ते प्रमुख संपादक असून अन्य तीन वैद्यकीय नियतकालिकांसाठी परीक्षक म्हणून काम पाहतात.' 'प्रमुख'च्या आधी 'मानद' घालण्याचा मोह समितीत कुणाला तरी होईलच. घालण्याआधी त्या कामाचे मानधन मिळते का, एवढे डॉक्टरांना फोन करून विचारा.