सोलापूरच्या उन्हात भरपूर पाणी पिऊनही पायात गोळे का येतात?

घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. सदरा वाळल्यावर पाठीवर पांढरे डाग दिसतात ना, तेच. शेंगाचटणी-भाकरीतून ते भरून निघतं, पण मे महिन्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये भूकच मरते. वर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात की रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलाच मुख्य घटक (एरवी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल) पातळ होतं. मग गोळे, डोकेदुखी, मळमळ.

मीठ घातलेलं ताक उत्तम. जुलाब असतील तर ओआरएस (जलसंजीवनी). पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर चवीसाठी नाही बरं का! आतड्यात ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आत शिरतं, पाणी त्याच्या मागोमाग. बीपी, किडनीवाल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.